एल आल्तोची दुपार

चार हजार एकसष्ट मीटर.
एवढ्या उंचीवर हवा असते
पाणी वाढवलेल्या दुधासारखी:
भांडं भरलेलं दिसतं, सत्त्व गेलेलं.
पंखाला धरायला कमी, इंजिनाला गिळायला कमी,
आणि नुकत्याच उतरलेल्या परक्या माणसाला
जिन्याच्या पाचव्या पायरीवर
स्वतःचंच काळीज ऐकू येतं.

हे सगळं मला एका सूत्रात बसवायचं होतं.

आमच्या खेळात तुम्ही विमान कंपनी चालवता.
जेट भाड्याने घ्या, मार्ग आखा, तिकिटाचे दर ठरवा.
विमान कसं उडतं ते कुणी विचारत नाही,
ते उडायला हवं, बस.
ओविदिओ (पैसे त्याचे) म्हणतो,
"नेल्दी, खेळ आहे हा. जरा सूट दे की."
एका स्थिरांकाला किंचित कोपर मारलं
की एकशे साठच्या एकशे साठ माणसं भर दुपारी
सुखाने सान्ता क्रूझला पोचतात.
इतकं सोपं असतं
पठार खाली आणणं.

मी कोपर मारलं नाही.
तापमान सतरा. वारा पाठीमागून, तीन नॉट.
धावपट्टी चार किलोमीटर आणि तीही तोकडी,
कारण विरळ हवेत उठायचं तर जास्त जोरात धावावं लागतं,
आणि चाकांच्या रबरालाही
सोसण्याची हद्द असते.
पडद्यावर लाल ओळ:
दोन हजार एकशे चाळीस किलो जास्त.

बाबा डबा घेऊन आले होते, चाइरो, झाकणाला वाफ धरलेली.
एकतीस वर्षं त्यांनी याच विमानतळावर
वजनाचे तक्ते भरले.
चश्मा कपाळावर सरकवून लाल ओळ वाचली.
"कुणाला उतरवलंस?"
"कुणाला नाही. आकडा आहे तो, बाबा."
"आकडा कसा उतरेल? त्याला पाय कुठायत?"

मग सांगत बसले. सूप निवत गेलं.
त्रिनिदादच्या जत्रेला निघालेला बँड:
माणसं गेली, शिंगं गेली, ढोल राहिले.
म्हणे तिकडे तेलाचे डबे बडवून वेळ मारून नेली
आणि परत आल्यावर ढोलवाला महिनाभर
बाबांच्या खिडकीसमोरून मान फिरवून जायचा.
सरोवरातल्या ट्राउट माशांची खोकी,
बर्फ वितळून तक्त्यापर्यंत आलेला ओघळ.
एक नवरी. तिचा पेटारा.

"आणि एकदा," ते म्हणाले,
"एकदा मी नाही उतरवलं."

पोराचं नाव फेलिपे. परीक्षा होती त्याची.
ऐंशी किलो, बॅगेसकट.
तक्त्यात बाबांनी ते ऐंशी लिहिलेच नाहीत.
तीन इंजिनांचं जुनं जेट धावलं, धावलं,
आणि शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यांपलीकडे
धूळ उडाली.
मग पोट जमिनीपासून सुटलं. गेलं.
कुणाला काही कळलं नाही.

मी तिथल्या तिथे गणित घातलं, सवयच ती.
"ऐंशी किलोंनी आठ मीटर वाढतात, बाबा. जेमतेम आठ.
धूळ वाऱ्याने उडाली असेल, नाहीतर उकाड्याने.
तुमच्यामुळे नाही."

"आठच," ते म्हणाले.
"त्या रात्री कंदील घेऊन गेलो होतो मी.
पावलांनी मोजले."

ताळा जुळला. दोघंही गप्प बसलो.

आता खेळात लाल ओळीखाली
आणखी एक ओळ येते:
ढोल, चार. उद्या पहाटेच्या विमानाने.
पहाटे थंडी असते, हवा दाटते, सगळे मावतात.
ओविदिओ म्हणतो, यात कमाई काय?
मला सांगता येत नाही.

बाबा हल्ली रात्री खेळून बघतात.
त्यांच्या कंपनीत एकच जेट, तेही कर्जाचं,
आणि कायम तेवीस माणसं मागे.
काल विचारत होते,
"ही माणसं रात्री झोपतात कुठे?"

तेवढा रकाना माझ्याकडे नाही.
स्थिरांक सगळे तपासलेत, वारा बरोबर आहे,
चाकांचं रबर बरोबर आहे,
आणि बाहेर शून्याखाली सहा.